बेल वाजली, लूप चालूच

शेतकरी आणि काटा यांचं वैर जुनं आहे. ऊस असो, कापूस असो की कांदा, आपला माल मापात खाल्ला जातो हा संशय शेवगाव तालुक्यात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. ‘काटा मारला’ एवढे दोन शब्द पुरतात. आणि हा संशय हवेतून आलेला नाही, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे तालुक्यातल्या एका जिनिंगच्या भुईकाट्यावर ऐन हंगामात काही गाड्यांचं वजन कमी भरायला लागलं, तेव्हा दोष प्रोग्रामचा असेल असं कुणाच्याच मनात आलं नाही. शेतकऱ्यांनी शेठजींवर संशय घेतला, शेठजींनी काट्यावरच्या पोरावर, पोराने ट्रॅक्टरच्या डायव्हरवर. मला बोलावणं आलं ते भांडण चांगलं पेटल्यावर, आणि तेही पावतीचा प्रिंटर कागद ओढत नाही म्हणून.

शेवगावसारख्या गावात सॉफ्टवेअरचं काम करणाऱ्याला यात नवल नाही. दूध संकलन केंद्रं, पतसंस्था, आडती, जिनिंग, खतांची दुकानं अशी माझी गिऱ्हाइकं. त्यांच्या लेखी कॉम्प्युटरवाला म्हणजे प्रिंटरवाला, कॅमेरेवाला आणि मोबाइलमधले उडालेले फोटो परत आणणाराही तोच. प्रिंटर मार्गी लागला, चहा झाला, आणि शेठजी म्हणाले, ‘आता आलाच आहात तर या काट्याचंही काय ते बघा बुवा. वैताग आलाय.’

त्या काट्यावर तोवर सगळे उपाय होऊन गेले होते. वैधमापन खात्याचा शिक्का चालू सालचा होता. प्रमाणित वजनं ठेवून पाहिली तर काटा चोख. एक लोडसेल संशयावरून बदलून झाला होता. तक्रार करणाऱ्याची गाडी पुन्हा काट्यावर घातली की वजन बरोबर यायचं. पण कापूस एकदा ढिगात ओतला गेला की पुन्हा वजन कशाचं करणार? फरकही थोडाथोडका नव्हता. समजा, भरलेला ट्रॅक्टर-ट्रॉली साडेपाच टन आणि खाली गाडी साडेतीन टन, म्हणजे कापूस वीस क्विंटल. पावतीवर यायचा साडेबारा. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. त्या भावाने साडेसात क्विंटल म्हणजे छपन्न हजारांवर रक्कम. बोधेगाव किंवा बालमटाकळीकडून रात्रभर रांगेत थांबून आलेला माणूस एवढ्यावर गप्प बसेल कसा?

काट्यावर चोरी करायची तर कुणी साडेसात क्विंटलची करत नाही. ती पाच-दहा किलोंची असते, सगळ्या गाड्यांवर सारखी असते, आणि ती दिसत नाही. इथे काही गाड्यांवर दरोडा आणि बाकीच्यांवर एका किलोचाही फरक नाही. असा प्रामाणिक चोर माझ्या पाहण्यात नव्हता. म्हणून मी काट्याच्या केबिनमध्ये पोराच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो.

काट्यावरचा व्यवहार असा. ट्रॅक्टर ट्रॉलीसकट प्लॅटफॉर्मवर चढतो. पोरगा गाडीचा नंबर आणि शेतकऱ्याचं नाव टाकतो, ‘वजन’ हे बटण दाबतो. इंडिकेटरमधून एक केबल कॉम्प्युटरला येते, तिच्यातून वजनाच्या ओळी सारख्या वाहत असतात, सेकंदाला पाच-सहा. प्रत्येक ओळीच्या आरंभी दोन अक्षरं: एसटी म्हणजे वजन स्थिर, यूएस म्हणजे अजून हलतंय, ओएल म्हणजे काट्याच्या ताकदीबाहेर. प्रोग्रामने स्थिर वजन उचलायचं, बाहेरच्या खांबावरची बेल वाजवायची, पावती छापायची. बेल वाजली की डायव्हर गाडी काढतो. हे त्याला कुणी शिकवलेलं नाही, पण सगळ्या भुईकाट्यांवर हीच रीत आहे.

दुपारी गर्दी नव्हती तेव्हा सगळं सुरळीत. बेल वाजायची, डायव्हर विडी विझवायचा, इंजिन चालू होईपर्यंत पावती निघायची. संध्याकाळी रांग फाटकाबाहेर गेली आणि डायव्हर मंडळी उतावीळ झाली. इंजिन चालूच ठेवलेलं. बेल वाजताच एका गाडीने उडी घेतली, पण पुढे आवारात दुसरी ट्रॉली आडवी उभी. ट्रॅक्टर दोन-तीन फूट सरकून थांबला. पुढची चाकं प्लॅटफॉर्मच्या खाली उतरलेली, बाकी सगळी गाडी काट्यावर. माझी नजर पडद्यावर होती. बेल वाजली तेव्हाचा आकडा मी वाचला होता, आणि आता तो डोळ्यांदेखत खाली उतरला, क्षणभर डगमगला आणि स्थिर झाला. पावतीवर छापून आला तो दुसरा आकडा. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांवर सात-आठशे किलोंचा भार असतो. तो भार कापसातून वजा झाला होता, कारण खाली गाडी मोजताना चारही चाकं काट्यावर असणार होती.

प्रोग्राम सी भाषेतला होता. लिहिणारा माणूस गाव सोडून गेला होता, पण मूळ कोड त्याच मशीनवर एका कोपऱ्यात पडून होता, हे शेठजींचं नशीब. वजन घेण्याचा भाग पानभराचा. लूप: जास्तीत जास्त पन्नास ओळी वाच. पन्नास का, तर तेवढ्यात वजन स्थिर झालं नाही तर ‘गाडी नीट लावा’ असा संदेश दाखवायचा. विचार अगदी शहाणपणाचा. लूपच्या आत स्विच: ओळीचं पहिलं अक्षर पाहा. एस असेल तर वजन साठव, बेल वाजव, ब्रेक. यू असेल तर काही करू नको, ब्रेक. ओ असेल तर चूक दाखवणारा संदेश, ब्रेक.

लिहिणाऱ्याच्या डोक्यात एसखालचा ब्रेक म्हणजे ‘वजन मिळालं, काम झालं, लूपमधून बाहेर’. सी भाषेच्या लेखी तो ब्रेक स्विचचा. सर्वांत आतल्या लूपमधून किंवा स्विचमधून बाहेर पड, एवढंच ब्रेकला कळतं. इथे सर्वांत आत स्विच होता. म्हणून तो ब्रेक स्विचच्या बाहेर पडायचा आणि लूप पुढची ओळ वाचायला परत वर जायचा. पन्नास ओळी पुऱ्या होईपर्यंत, म्हणजे आठ-दहा सेकंद, जे जे स्थिर वजन दिसेल ते आधीच्या वजनावर लिहीत राहायचा. गाडी काट्यावर निवांत उभी असेल तर पहिलं स्थिर वजन आणि शेवटचं स्थिर वजन एकच, कुणाला काही कळायचं कारण नाही. प्रमाणित वजनं ठेवून तपासणी केली तेव्हा सगळं चोख आलं ते याचमुळे. लोखंडी वजनं बेल ऐकून पुढे पळत नाहीत.

पण त्या पानावरची मला सर्वांत खटकलेली ओळ ही नव्हे. वरच्या बाजूला ‘बेलझाली’ नावाचा एक व्हेरिएबल होता. आरंभी शून्य, बेल वाजवली की एक, एक असेल तर बेल पुन्हा वाजवायची नाही. हा कशासाठी आला असेल? उघड आहे. पहिल्यांदा प्रोग्राम चालवला तेव्हा बेल एकदा वाजून थांबली नसणार, ती घणघणत राहिली असणार. लूप संपलेला नाही, मी अजून फिरतोय, हे प्रोग्राम खांबावर बसून अख्ख्या आवाराला ओरडून सांगत होता. लिहिणाऱ्याने त्याचं तोंड बंद केलं आणि हंगाम सुरू केला. त्या माणसाला मी मूर्ख म्हणणार नाही. गिऱ्हाईक डोक्यावर उभं असतं, बाहेर गाड्या लागलेल्या असतात, आणि ‘ती बेल आधी बंद कर रे’ एवढंच ऐकू येत असतं. मात्र तेव्हापासून कुणाच्याही कोडमध्ये ‘एकदाच होऊ दे’ अशा अर्थाचा व्हेरिएबल दिसला की मी तिथे थांबतो आणि विचारतो, हे दुसऱ्यांदा होतंच कशाला?

शेठजींना ब्रेकची गोष्ट समजावून सांगताना मी अमेरिकेचं उदाहरण दिलं. तिकडेही असं होतं म्हटलं की आपल्याकडच्या माणसाचा राग निम्मा उतरतो. १५ जानेवारी १९९० रोजी एटी अँड टी या टेलिफोन कंपनीचं अमेरिकाभरचं लांब पल्ल्याचं जाळं सुमारे नऊ तास लुळं पडलं होतं. देशभर पसरलेली ११४ स्विचिंग केंद्रं, सगळ्यांवर एकच सॉफ्टवेअर. त्यात आदल्या डिसेंबरात थोडी सुधारणा झाली होती. न्यूयॉर्कचं एक केंद्र किरकोळ बिघाडाने काही सेकंद बंद पडून पुन्हा उभं राहिलं आणि शेजारच्या केंद्रांना ‘मी आलो’ असे संदेश पाठवू लागलं. ते संदेश हाताळणाऱ्या सी भाषेतल्या कोडमध्ये स्विच, स्विचच्या एका केसमध्ये इफ, आणि इफच्या आत ब्रेक होता. इफला ब्रेक लागू होत नाही. तो थेट स्विचच्या बाहेर घेऊन गेला आणि मधलं आवश्यक काम राहून गेलं. लागोपाठ दोन संदेश आले की केंद्राच्या नोंदी बिघडायच्या, मग ते केंद्र स्वतःला बंद करून पुन्हा उभं राहायचं, आणि उठल्यावर तसेच संदेश शेजाऱ्यांना पाठवायचं. साथ पसरावी तसं ते देशभर गेलं. कोट्यवधी कॉल लागले नाहीत. शेठजींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मग त्यांनी भरपाई किती दिली?’ व्यापारी माणसाचा प्रश्न नेमका असतो.

माझ्या मते इथे सी भाषेच्या पदरातही थोडा दोष टाकायला हवा. तिच्या आधीच्या बीसीपीएल या भाषेत लूपमधून बाहेर पडायचा शब्द वेगळा होता आणि स्विचमधून बाहेर पडायचा वेगळा. सीने दोन्ही कामं एकट्या ब्रेकवर टाकली. शिवाय स्विचची प्रत्येक केस ब्रेक लिहून बंद करावी लागते, न लिहिल्यास गाडी पुढच्या केसमध्ये घुसते. दूध संकलनाच्या प्रोग्राममध्ये गायीच्या केसखाली ब्रेक राहिला, तर गायीचा दर काढून झाल्यावर प्रोग्राम म्हशीच्या केसमध्ये शिरतो आणि गायीच्या दुधाला म्हशीचा भाव लावून बाहेर येतो. ही चूक मात्र पहिल्याच दिवशी पकडली जाते. शेतकऱ्याकडून नव्हे, डेअरीकडून.

काट्याची दुरुस्ती तशी छोटी. वजन वाचण्याचं काम स्वतंत्र फंक्शनमध्ये काढलं आणि स्थिर वजन मिळालं की तिथूनच रिटर्न. रिटर्न कुठल्या लूपमध्ये आहे, कुठल्या स्विचमध्ये आहे हे बघत नाही. तो फंक्शनच्या बाहेरच आणून सोडतो, आणि वाचणाऱ्यालाही ते कळतं. एकाच स्थिर ओळीवर विश्वास न ठेवता लागोपाठ काही ओळी सारख्या आल्या तरच वजन मान्य, अशी अट घातली. आणि बेल वजन डेटाबेसमध्ये लिहून झाल्यावर. हा क्रम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बेल ही प्रोग्रामने बाहेरच्या जगाला दिलेली जबान असते. ती दिल्यावर आत काही फिरत राहता कामा नये. ‘बेलझाली’ अर्थातच काढून टाकला.

एक गोष्ट मात्र जपावी लागली. मूळ फंक्शन आरंभी काट्याच्या केबलचा पोर्ट उघडायचं आणि तळाशी मिटायचं. मधूनच रिटर्न केलं तर तळाची ओळ कधी गाठलीच जाणार नाही, पोर्ट उघडा राहील आणि पुढच्या गाडीला ‘पोर्ट वापरात आहे’ असं उत्तर मिळेल. लवकर बाहेर पडण्याबद्दल जाणकारांचा जो खरा आक्षेप आहे तो हाच: निघालास, पण मागे काय उघडं टाकलंस? म्हणून पोर्ट उघडणं-मिटणं बाहेरच्या फंक्शनकडे ठेवलं आणि नुसतं वाचणं आतल्याकडे. लिनक्सचं कर्नल लिहिणारे यासाठी गोटू वापरतात. फंक्शनच्या तळाशी आवराआवरीची जागा करतात आणि मध्ये कुठेही बिनसलं की उडी मारून तिथे येतात. त्यांच्या लेखनशैलीच्या नियमांत हे रीतसर लिहिलेलं आहे. पण तीच युक्ती ॲपलला फेब्रुवारी २०१४ मध्ये भोवली. सुरक्षित जोडणी तपासणाऱ्या कोडमध्ये ‘गोटू फेल’ ही ओळ चुकून दोनदा पडली होती. पहिली ओळ इफच्या ताब्यात, दुसरी मोकाट. त्यामुळे पुढची सही तपासण्याचं काम न करताच प्रोग्राम दरवेळी तळाशी पोचायचा, आणि तोवर काही चुकलेलं नसल्याने ‘सगळं ठीक’ असं सांगायचा.

आम्ही कॉलेजात होतो तेव्हा गोटूचं नावही काढायचं नसे. टर्बो सीचा निळा पडदा, प्रॅक्टिकलच्या जर्नलवर सरांची सही आणि नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’, हे माझ्या पिढीचं सी शिक्षण. तोंडी परीक्षेत ठरलेला प्रश्न: ब्रेक आणि कंटिन्यूत फरक काय? ठरलेलं उत्तर: ब्रेक लूप सोडतो, कंटिन्यू फेरी सोडतो. बाहेरून आलेले परीक्षक मान डोलवायचे. ब्रेक स्विचच्या आत आणि स्विच लूपच्या आत असेल तर काय, हा उपप्रश्न मला तरी कुणी विचारला नाही. त्याऐवजी एक नियम पाठ करून घेतला जायचा: फंक्शनला रिटर्न एकच, तोही शेवटी, लूपला दार एकच, तेही वर. मधून बाहेर पडणं म्हणजे आळस.

हा नियम आला कुठून, ते फार पुढे वाचलं. मार्च १९६८ मध्ये डच शास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांचं गोटूविरोधातलं पत्र अमेरिकेतल्या एका संगणक नियतकालिकात छापून आलं. गोटू घातक आहे असं सांगणारं त्याचं गाजलेलं शीर्षक त्यांनी दिलेलं नव्हतं, ते संपादक निकलाउस विर्थ यांचं. डायक्स्ट्रांचं म्हणणं असं होतं की कोड वाचताना प्रोग्राम आता कुठपर्यंत आला आहे हे माणसाला सांगता आलं पाहिजे, आणि वाट्टेल तिथून वाट्टेल तिथे उड्या मारल्या की ते सांगता येत नाही. यात खोट काढायला जागा नाही. पण त्याचं तात्पर्य वर्गावर्गांतून झिरपत आमच्यापर्यंत पोचलं तेव्हा त्याचं सोवळं झालं होतं. डोनाल्ड नूथ यांनी १९७४ मध्येच एक लांबलचक लेख लिहून दाखवलं होतं की लूपच्या मधून बाहेर पडण्याची गरज खरी आहे आणि ती नाकारल्याने कोड स्वच्छ होतोच असं नाही. तो लेख आमच्या वर्गापर्यंत आला नाही.

सोवळं पाळणाऱ्यांचा कोड मी पुष्कळ निस्तरला आहे. ब्रेक नको म्हणून ‘सापडलं’ नावाचा एक झेंडा, रिटर्न नको म्हणून ‘उत्तर’ नावाचा दुसरा, लूपच्या अटीत दोन्ही झेंड्यांची तपासणी आणि आत प्रत्येक कामाआधी ‘अजून सापडलं नसेल तर’. तीनशे सभासदांत एक खातं शोधायचं साधं काम, पण वाचताना धाप लागते. सापडलं की निघ! एका शब्दाने भागतं तिथे दोन झेंडे मिरवण्यात शिस्त कसली? मी ब्रेकच्या बाजूचा माणूस आहे. माझी तक्रार त्याच्या मुकेपणाबद्दल आहे. तो ‘चल’ म्हणतो, कुठून ते सांगत नाही.

हल्लीच्या भाषांनी यावर आपापले तोडगे काढलेत, आणि त्यांचा मेळ नाही ही नवी पंचाईत. जावात लूपला नाव देता येतं आणि ब्रेकपुढे ते नाव लिहिता येतं. हे मला सर्वांत आवडतं. पीएचपीत ब्रेकपुढे आकडा लिहितात, ब्रेक दोन म्हणजे दोन पायऱ्या बाहेर. लिहिताना सोयीचं, पण उद्या कुणी मध्ये आणखी एक लूप घातला की तो दोन चुकीच्या दारात नेऊन सोडतो आणि तोंडातून अवाक्षर काढत नाही. गो भाषेत केस आपोआप बंद होते, ब्रेक लिहायची गरज नाही. तरी लूपमधल्या स्विचमध्ये ब्रेक लिहिलाच तर तो स्विचचाच. पायथनमध्ये २०२१ साली मॅच आलं, ते दिसायला स्विचसारखं. पण मॅचच्या आतला ब्रेक लूपमधून बाहेर नेतो.

आता माझ्याकडे शिकायला बसणाऱ्या कॉलेजच्या मुलामुलींची गंमत बघा. सकाळी कॉलेजात सी, संध्याकाळी माझ्याकडे पायथन. काट्याचं उदाहरण मी दोन्हींत लिहून दाखवलं. एक मुलगी म्हणाली, ‘सर, सेम तर आहे.’ म्हटलं, दोन्ही चालव. पायथनचा लूप पहिल्या स्थिर वजनाला थांबला, सीचा पन्नासपर्यंत गेला. तिने सीचा कोड तीनदा वाचला, कुठे अर्धविराम राहिलाय का शोधलं, आणि मग वैतागून स्विच पुसून तिथे तीन इफ लिहिले. ब्रेक आपोआप लूपचा झाला. हा तोडगा पुस्तकात पहिल्या नंबरवर नसेल, पण मला पटला. तीन केससाठी स्विच हवाच असा कायदा नाही.

एवढं सगळं झालं तरी माझ्या कामात मला जो प्रश्न सर्वांत जड गेला, तो कुठून बाहेर पडायचं याचा नव्हता. बाहेर पडायचं की नाही याचा होता. आणि तो मशीनपुढे बसून सुटणारा नव्हता.

तो समोर आला दुधाच्या बिलात. आमच्याकडे हे बिल दहा दिवसांचं असतं. महिन्यात तीन बिलं. घरखर्च, पेंड, पोरांची फी, सगळं त्या तारखांवर अडकलेलं. बिल काढायचा प्रोग्राम म्हणजे एक लूप: प्रत्येक उत्पादक घे, त्याचं सकाळ-संध्याकाळचं दूध घे, फॅट आणि एसएनएफवरून दर लाव, उचल आणि पशुखाद्याची कपात कर, बँकेच्या यादीत रक्कम टाक. मध्येच एखाद्याचं गणित अडतं. खाते क्रमांकात एक आकडा कमी असतो, किंवा एके दिवशी मशीनने फॅट शून्य नोंदवलेला असतो. आता काय करायचं? ब्रेक केला तर त्याच्या मागच्या सगळ्यांचं बिल अडलं. एकाच्या चुकीपायी अख्खं गाव पैशाविना. कंटिन्यू केला तर बाकीच्यांचं निघालं, पण हा गडी यादीतून गपचूप गळाला. लूप शेवटपर्यंत गेला, पडद्यावर ‘बिल पूर्ण’ आलं, आणि चार दिवसांनी तो बँकेतून हात हलवत परत येतो. कंटिन्यू ब्रेकइतका बदनाम नाही. मला तो जास्त घातकी वाटतो. ब्रेकने थांबलेलं काम सगळ्यांना दिसतं. कंटिन्यूने वगळलेला माणूस दिसत नाही.

ज्या संकलन केंद्रासाठी हा प्रोग्राम लिहीत होतो तिथल्या सचिवांपुढे मी दोन्ही पर्याय मांडले. सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मीही. शाळा जेमतेम झालेली, पण तीस गायींची नावं आणि तीनशे खाती तोंडपाठ. अण्णा म्हणाले, ‘एकट्याची अडचण असली तर त्याला बाजूला बसव, बाकीच्यांना वाढ. पण भाजीच नासली असली तर पंगत उठव.’ मी विचारलं, भाजी म्हणजे? ‘दरपत्रक रे. तेच चुकीचं चढवलं असलं, तर एकाचंही बिल काढू नको.’

चुका वर्गवार लावायची एवढी स्वच्छ रीत मला कुठल्या पुस्तकात मिळाली नव्हती. खाते क्रमांक, एखाद्या दिवसाचा फॅट, नावातला घोळ: चूक त्या एकाची, तर त्याचं नाव आणि कारण वेगळ्या यादीत लिही आणि मगच कंटिन्यू. साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफचा पायाभूत दर रिकामा, तारखा उलट्या, दरपत्रक मागच्या महिन्याचं: चूक सगळ्यांची, तर लूप सुरूच करायचा नाही, सुरू झाल्यावर कळलं तर तिथेच थांबायचं आणि आतापर्यंत लिहिलेलंही पुसायचं. अर्धवट बिल सर्वांत वाईट, कारण निम्म्यांना पैसे गेलेले असतात आणि दुसऱ्यांदा चालवलं की त्यांना पुन्हा जातात. म्हणून सगळ्या नोंदी एकाच व्यवहारात: लूप शेवटाला पोचला तरच पक्क्या, नाहीतर एकही नाही. बाजूला बसवलेल्यांची यादी बिलाबरोबरच छापून निघते आणि अण्णा ती केंद्राच्या दारावर चिकटवतात. यादी कोरी असली तरी कोरा कागद लावतात, ‘अडलेलं कुणी नाही’ असं स्वतःच्या हाताने लिहून.

परवा अण्णांनी नवीन काम सांगितलं. बिल निघालं की प्रत्येकाच्या मोबाइलवर मेसेज जायला हवा. मी वही काढून विचारायला लागलो, मराठीत हवा का, कपात वेगळी दाखवायची का. त्यांनी मला मध्येच थांबवलं. ‘ते तू बघ. एखाद्याला मेसेज गेला नाही तर पुढच्यांचे अडवू नको, आणि ज्याला गेला नाही त्याचं नाव मला सांग. आणि एकाला दोनदा पाठवू नको, दोनदा पैसे आले म्हणून नाचत येतील.’ ती तीनही वाक्यं मी प्रोग्रामच्या माथ्यावर टीप म्हणून जशीच्या तशी टाइप केली आणि लूप त्यांच्याखाली लिहायला घेतला.